अमेरिकेत फेडरल सरकार 'लहान' करायचं म्हणजे नक्की काय करायचं?

निनाद_७७

बरेच दिवस विचारायचं मनात होतं. अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह लोक कायम एकच सांगत असतात की वॉशिंग्टनचं सरकार फार मोठं झालंय, त्याला आवर घाला. १९८१ च्या शपथविधीच्या भाषणात रेगन म्हणालेच होते की आत्ताच्या संकटात सरकार हा उपाय नाही, सरकार हीच अडचण आहे. त्यानंतर रिपब्लिकन पक्षाचे किती अध्यक्ष आले आणि गेले, खर्च वाढतच गेला. मग २०२५ मध्ये डोजच्या (ट्रम्प सरकारची खर्चकपातीची मोहीम) नावाखाली धडाधड नोकरकपात झाली ती सगळ्यांनी पाहिली.

माझा मेहुणा डॅलसला असतो आणि पक्का कॉन्झर्व्हेटिव्ह आहे, तर तो म्हणतो की माणसं काढणं हे काही खरं रिफॉर्म नाही, खरं काम कायद्यात आहे. म्हटलं सांग मग, तर दहावी दुरुस्ती, रेन्स अ‍ॅक्ट, ब्लॉक ग्रँट अशी चार नावं घेतली आणि विषय गाडीच्या इन्शुरन्सवर गेला. कोणी जरा नीट सांगेल का, नक्की काय काय प्रस्ताव आहेत आणि त्यातले कुठले खरंच कामाचे आहेत? ट्रम्प चांगला की वाईट हा वाद कृपया इथे नको, त्याला दुसरे शंभर धागे आहेत.

ओहायोकर

निनादराव, मेहुणे बरोबर बोलतायत. सुरुवात घटनेपासून करावी लागेल, नाहीतर बाकीचं सगळं हवेत राहतं.

अमेरिकेच्या घटनेत काँग्रेसला, म्हणजे तिथल्या संसदेला, काय काय करता येतं त्याची यादी दिलेली आहे, पहिल्या कलमाचा आठवा विभाग. टपाल, चलन, सैन्य, कर्ज काढणं, राज्याराज्यांमधल्या व्यापाराचं नियमन वगैरे. आणि १७९१ च्या दहाव्या दुरुस्तीत स्पष्ट लिहिलंय की जे अधिकार केंद्राला दिलेले नाहीत आणि राज्यांना मनाई केलेले नाहीत ते राज्यांकडे किंवा लोकांकडे राहतात. म्हणजे मूळ रचना अशी की केंद्राला यादीत असेल तेवढंच, बाकी सगळं राज्यांचं. कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांची मूळ तक्रार ही आहे की यादी कागदावर तशीच राहिली आणि तिचा अर्थ ताणून ताणून कुठल्या कुठे नेला.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण माझ्या राज्यातलं आहे, ओहायोचं. रॉस्को फिलबर्न नावाचा शेतकरी होता. गव्हाचे भाव पडू नयेत म्हणून सरकारने प्रत्येकाला कोटा ठरवून दिला होता, याला १९४१ च्या पिकासाठी ११.१ एकर मंजूर झाले आणि याने पेरले २३ एकर. जास्तीचा गहू निघाला २३९ बुशेल, त्यावर बुशेलमागे ४९ सेंट प्रमाणे ११७ डॉलर ११ सेंट दंड. फिलबर्नचं म्हणणं अगदी साधं होतं की बाबा मी हा गहू माझ्या जनावरांना घालतो, घरी दळतो, बियाण्याला ठेवतो, यात राज्याराज्यांमधला व्यापार आला कुठून? १९४२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की तू घरचा गहू खाल्लास म्हणजे बाजारातून तेवढा घेतला नाहीस, आणि सगळ्या शेतकऱ्यांनी असंच केलं तर देशाच्या बाजारावर परिणाम होतो, म्हणून हा व्यापारच.

आता विचार करा, स्वतःच्या शेतातला गहू स्वतःच्या गायीला घालणं जर आंतरराज्य व्यापार असेल तर मग व्यापार नाही असं उरतं काय? पुढे १९९५ मध्ये लोपेझ खटल्यात जवळपास साठ वर्षांनी पहिल्यांदा कोर्ट म्हणालं की बस, इथे तुमची हद्द संपली. शाळेच्या आसपास बंदूक बाळगण्यावरचा केंद्राचा कायदा होता, तो ५ विरुद्ध ४ ने रद्द झाला. आणि काँग्रेसने काय करावं? दीड वर्षाच्या आत तोच कायदा परत आणला, फक्त ती बंदूक आंतरराज्य व्यापारातून आलेली असावी एवढी एक ओळ घालून. बंदुका सगळ्या कुठून ना कुठून आलेल्याच असतात. म्हणून मी म्हणतो की कोर्टावर सगळी भिस्त ठेवून हे आवरत नाही.

हिशेबी

घटनेचं ठीक आहे पण पैशाचंही बघा, कारण 'सरकार मोठं' म्हणताना लोकांच्या डोळ्यासमोर ऑफिसात बसलेले कारकून येतात आणि सगळी चर्चा तिथेच भरकटते.

२०२४ च्या आर्थिक वर्षात फेडरल सरकारने सुमारे ६.७५ ट्रिलियन (एक ट्रिलियन म्हणजे लाख कोटी) डॉलर खर्च केले आणि तूट होती सुमारे १.८ ट्रिलियन. खर्चातली जवळपास दीड ट्रिलियन एकटी सोशल सिक्युरिटी, म्हणजे म्हाताऱ्यांची पेन्शन. मेडिकेअर (म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्यविमा) आणि मेडिकेड (गरिबांचा) त्यावर. नुसतं कर्जावरचं व्याज संरक्षणखर्चापेक्षा जास्त झालं. दरवर्षी काँग्रेस ज्यावर खरोखर मतदान करते तो भाग सव्वीस-सत्तावीस टक्क्यांच्या आसपास आहे आणि त्यातला अर्धा सैन्याचा. बाकीचं सगळं जुन्या कायद्यांनी आपोआप चालतं, कोणी हात वर करायची गरज नाही.

कर्मचाऱ्यांचं म्हणाल तर टपाल सोडून सिव्हिलियन नोकर वीस-बावीस लाखांच्या घरात आहेत, आणि गंमत म्हणून सांगत नाही, खरंच १९६० च्या दशकाच्या शेवटीही साधारण तेवढेच होते. लोकसंख्या मात्र २० कोटींवरून ३४ कोटींपर्यंत गेली. सरकार वाढलं ते चेक लिहिण्यात, कंत्राटात आणि राज्यांमार्फत काम करून घेण्यात. त्यामुळे सगळे नोकर उद्या घरी पाठवले तरी तूट भरून निघत नाही, हे साधं गणित आहे.

पेन्शनचा प्रश्न तर अजिबात लांबचा नाही. ट्रस्ट फंडाच्या २०२५ च्या अहवालाप्रमाणे २०३३ मध्ये निवृत्तांचा फंड रिकामा होतो आणि आत्ताचा कायदा तसाच राहिला तर पेन्शन सरळ तेवीस टक्क्यांच्या आसपास कापली जाते. १९८३ मध्ये रेगन आणि डेमोक्रॅट मिळून निवृत्तीचं वय हळूहळू ६७ वर नेलं होतं, ते शेवटचं मोठं काम. २००५ मध्ये बुशनी वैयक्तिक खात्यांचा प्रस्ताव आणला तर त्यांच्याच पक्षाचे लोक मागे सरकले आणि त्यावर साधं मतदानसुद्धा झालं नाही. जो कॉन्झर्व्हेटिव्ह सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला हात लावणार नाही म्हणतो आणि वर सरकार लहान करणार म्हणतो, त्याचं मी तरी ऐकत नाही.

निनाद_७७

@हिशेबी हे आकडे डोळे उघडणारे आहेत. पण मग बॅलन्स्ड बजेटची (उत्पन्नाइतकाच खर्च करायची) घटनादुरुस्ती म्हणून जे ऐकतो त्याचं काय झालं?

हिशेबी

दोनदा अगदी तोंडाशी आलेला घास गेला. १९९५ मध्ये हाउसने (काँग्रेसचं खालचं सभागृह) ३०० विरुद्ध १३२ ने पास केली, वरच्या सभागृहात, सिनेटमध्ये, ६७ मतं हवी होती, रिपब्लिकन पक्षातले एकटे ऑरेगनचे मार्क हॅटफिल्ड विरोधात गेले आणि पडली. १९९७ मध्ये परत आणली, ६६ मतं पडली, परत एक कमी. आणि मग १९९८ ते २००१ बजेट दुरुस्तीशिवायच शिलकीत आलं, तेव्हा शेअर बाजार आणि करवसुली जोरात होती. त्यानंतर दोन युद्धं, करकपात, औषधांचा मेडिकेअर पार्ट डी, आणि शिल्लक संपली. हे सगळं रिपब्लिकन अध्यक्षाच्या काळात. माझं मत, दुरुस्ती चांगली आहे पण मंदीत आणि युद्धात काय करायचं ही कलमं नीट लिहिली नाहीत तर शेवटी न्यायाधीश बजेट ठरवायला बसतील, आणि ते तर कोणालाच नकोय.

कायदेपंडित_नाही

हिशेबींचं पैशाचं बरोबर आहे पण माझ्या मते त्याहून मूलभूत गोष्ट वेगळी आहे, कायदा करतं कोण? घटनेच्या पहिल्या कलमाचं पहिलंच वाक्य काँग्रेसबद्दल आहे, सगळे कायदे करायचे अधिकार तिच्याकडे. प्रत्यक्षात काँग्रेस एक गोलमोल कायदा करते, 'योग्य ते नियम एजन्सीने करावेत' म्हणते आणि निवडणुकीला मोकळी. नियम चांगला निघाला तर श्रेय आमचं, वाईट निघाला तर बघा ही नोकरशाही.

याचं जवळून उदाहरण हवं असेल तर न्यू जर्सीच्या हेरिंग पकडणाऱ्या बोटींचं बघा. फेडरल कायदा १९७६ चा, त्यात म्हटलंय की बोटीवर निरीक्षक ठेवता येईल. ठीक आहे, छोटी बोट, पाच-सहा माणसं, त्यात एक सरकारी निरीक्षक झोपायला जागा घेणार हेही लोकांनी मान्य केलं होतं. पण एजन्सीने पुढे जाऊन नियम काढला की त्या निरीक्षकाचा पगारही बोटवाल्यानेच द्यायचा, दिवसाला ७१० डॉलरपर्यंत. हेरिंगच्या बोटींनी हा पैसा द्यायचा असं कायद्यात कुठे लिहिलेलं नाही, नाही असंही लिहिलेलं नाही. खालच्या कोर्टांनी काय केलं, १९८४ च्या शेव्हरॉन निकालावर बोट ठेवलं, ज्यात ठरलं होतं की कायदा संदिग्ध असेल तर एजन्सी लावते तो अर्थ वाजवी असला की कोर्टाने मान्य करायचा. म्हणजे ज्याने नियम केला तोच कायद्याचा अर्थ सांगणार. २८ जून २०२४ ला सुप्रीम कोर्टाने लोपर ब्राइट खटल्यात शेव्हरॉन मोडीत काढलं, कायद्याचा अर्थ लावणं हे कोर्टाचं काम.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे सांगायला हवी. १९८४ मध्ये शेव्हरॉन जिंकलं होतं ते रेगन सरकारने! एन गोरसच पर्यावरण एजन्सीच्या प्रमुख असताना उद्योगांना सोयीचा केलेला तो नियम होता, आणि तेव्हा कॉन्झर्व्हेटिव्ह खूश होते कारण कोर्टं डावी वाटत होती आणि एजन्सी आपल्या हातात. चाळीस वर्षांनी तेच तत्त्व मोडणाऱ्या न्यायाधीशांत त्यांचा मुलगा नील गोरसच होता. आपल्याकडे सत्ता आहे म्हणून जो अधिकार गोड वाटतो तो दुसऱ्याच्या हातात गेला की काय होतं ते यात दिसतं.

आता मेहुण्यांचा रेन्स अ‍ॅक्ट. कल्पना सोपी आहे, वर्षाला १० कोटी डॉलर किंवा त्याहून जास्त परिणाम करणारा कुठलाही मोठा नियम काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी मंजूर केल्याशिवाय लागूच होणार नाही. सध्या उलटं आहे. १९९६ च्या काँग्रेशनल रिव्ह्यू अ‍ॅक्टप्रमाणे काँग्रेस नियम रद्द करू शकते पण त्यावर अध्यक्षांची सही लागते, आणि स्वतःच्याच एजन्सीचा नियम रद्द करायला कुठला अध्यक्ष सही करेल? म्हणून पहिल्या वीस वर्षांत हा कायदा फक्त एकदा चालला, २००१ मध्ये. नवीन अध्यक्ष आला की मागच्याचे शेवटच्या महिन्यांतले नियम पुसायला तो बरा, २०१७ मध्ये तसा भरपूर वापरला. रेन्स हाउसमध्ये २०११ पासून अनेकदा पास झालाय, सिनेटमधून एकदाही नाही.

मुग्धा_विस्कॉन्सिन

मी राज्य सरकारच्या समाजकल्याण विभागात काम करते, फेडरल निधीचे रिपोर्ट भरण्यात आयुष्य चाललंय म्हणून ब्लॉक ग्रँटबद्दल मी लिहिते.

सध्या पैसा दोन प्रकारे येतो. मेडिकेडसारख्या योजनेत राज्य खर्च करेल त्यातला ठराविक हिस्सा केंद्र देतं, कमीत कमी निम्मा. म्हणजे राज्याने जितका खर्च वाढवावा तितका केंद्राचा वाढतो, आणि खर्च कमी केला तर वाचलेल्यातलं निम्म्याहून जास्त केंद्राचं, मग राज्य कशाला काटकसर करेल. ब्लॉक ग्रँट म्हणजे ठराविक रक्कम घ्या, अटी कमी, तुमचं तुम्ही बघा. १९९६ मध्ये रिपब्लिकन काँग्रेस आणि क्लिंटन यांनी वेल्फेअरचं हेच केलं, टॅनफ नावाने वर्षाला साधारण १६.५ अब्ज डॉलर. आमचं राज्य तर त्याच्या आधीपासून गव्हर्नर टॉमी थॉम्पसनच्या काळात हे प्रयोग करत होतं, आणि कामाला लावण्याच्या बाबतीत बरंच काही चांगलं झालं, मी ते नाकारणार नाही.

पण दोन गोष्टी. ती रक्कम आजही जवळपास तीच आहे, महागाई धरली तर किंमत निम्मी झाली. आणि 'अटी कमी' चा अर्थ मिसिसिपीत काय निघाला ते बघा, २०२० मध्ये राज्याच्या ऑडिटरनीच काढलं की गरिबांच्या मदतीचे कोट्यवधी डॉलर भलतीकडे गेले, त्यातून विद्यापीठात व्हॉलीबॉलचं स्टेडियम उभं राहिलं. त्याच राज्यात एखाद्या आईने अर्ज केला तर शंभर कागद मागतात! म्हणून माझं म्हणणं आहे की पैसा वॉशिंग्टनने गोळा करायचा आणि राज्याने उडवायचा यात जबाबदार कोणीच राहत नाही. खरा फेडरलिझम हवा असेल तर काम राज्याकडे द्या आणि त्याचा करही राज्यालाच लावू द्या, म्हणजे मतदाराला कळेल कोणाची कॉलर धरायची.

आणि अटींचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण दारूच्या वयाचं. वय ठरवणं राज्यांचा विषय, पण १९८४ मध्ये काँग्रेसने सांगितलं की २१ करा नाहीतर हायवेचा काही टक्के निधी कापू. सही कोणाची? रेगनची. साउथ डकोटा कोर्टात गेलं आणि १९८७ मध्ये हरलं. पुढे २०१२ मध्ये ओबामाकेअरच्या (ओबामांचा आरोग्यविमा कायदा) निकालात ९ पैकी ७ न्यायाधीश म्हणाले की मेडिकेडचा सगळाच निधी बंद करायची धमकी ही जबरदस्ती आहे, तेव्हा कुठे एक रेघ ओढली गेली.

निनाद_७७

मुग्धाताई, हे फारच उपयोगी. शिक्षण खातं बंद करण्याचा प्रस्ताव पण याच प्रकारचा का?

मुग्धा_विस्कॉन्सिन

थोडाफार. खातं कार्टर यांनी १९७९ मध्ये केलं, रेगननी बंद करीन म्हणून सांगितलं आणि जमलं नाही. पण गरीब शाळांचा टायटल वन निधी १९६५ चा आणि अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा १९७५ चा, दोन्ही खात्याच्या आधीचे. खातं गेलं आणि कायदे राहिले तर तोच चेक दुसऱ्या इमारतीतून येणार आणि तेच फॉर्म मी भरणार. शिवाय शाळांमध्ये केंद्राची सगळ्यात जास्त लुडबुड ज्याने आणली तो २००२ चा नो चाइल्ड कायदा बुशचा होता. मार्च २०२५ मध्ये ट्रम्पनी खातं गुंडाळायचा आदेश काढला पण कायद्याने झालेलं खातं कायद्यानेच जातं, आदेशाने माणसं कमी होतात, इतकंच.

ओहायोकर

मुग्धाताईंनी शेवटी जे लिहिलंय तोच माझ्या लेखी सगळ्या विषयाचा गाभा आहे, आणि यावर मी आमच्याच बाजूच्या लोकांशी भांडतो. अध्यक्षाच्या सहीने सरकार लहान होत नाही. पुढचा येतो आणि दुसरी सही करतो. शेड्यूल एफ बघा, धोरणाशी संबंधित हजारो पदं कायमस्वरूपी संरक्षणातून बाहेर काढायची, ऑक्टोबर २०२० मध्ये आदेश निघाला, जानेवारी २०२१ मध्ये बायडननी रद्द केला, जानेवारी २०२५ मध्ये परत आला. निवडून आलेल्या अध्यक्षाचं खात्यातल्या लोकांनी ऐकलं पाहिजे हे मलाही पटतं, पण १८८१ मध्ये गारफिल्डना नोकरी न मिळालेल्या माणसाने गोळी घातली, आणि त्यानंतर सरकारी नोकऱ्या वशिल्याऐवजी गुणवत्तेवर देणारा १८८३ चा पेंडलटन कायदा का आला तेही विसरता येत नाही.

पैशाचंही तेच. निक्सननी मंजूर झालेला निधी अडवून धरला म्हणून १९७४ चा इम्पाउंडमेंट कायदा झाला, आता अध्यक्षाला खर्च रद्द करायचा तर काँग्रेसला विचारावं लागतं. जुलै २०२५ मध्ये हे रीतसर झालं, परदेशी मदत आणि सार्वजनिक रेडिओ-टीव्ही मिळून सुमारे ९ अब्ज डॉलर काँग्रेसने मतदान करून कापले. हिशेबींच्या ६.७५ ट्रिलियनपुढे ते अर्धा टक्कासुद्धा नाही हे मान्य, तरी मी डोजच्या सगळ्या गाजावाजापेक्षा त्याला मोठं मानतो, कारण तिथे लोकप्रतिनिधींना नावानिशी हो किंवा नाही म्हणावं लागलं. ते कायद्यात गेलं. उलट कोणी काँग्रेसला न विचारता निधी दाबून ठेवला तर ते सरकार मर्यादित करणं नव्हे, ते एकाच माणसाच्या हातात सरकार देणं आहे, मग तो आमच्या पक्षाचा का असेना.

वाचक_जुना

टर्म लिमिटबद्दल कोणीच बोललं नाही. खासदारांना दोन-तीन टर्मच्या वर उभं राहू देऊ नका, अर्धे प्रश्न सुटतील.

कायदेपंडित_नाही

लोकप्रिय आहे खरं, पण मला पटत नाही. १९९५ मध्ये अर्कान्सासच्या खटल्यात कोर्टाने ५ विरुद्ध ४ ने ठरवलं की राज्यांना आपल्या खासदारांवर अशी मर्यादा घालता येत नाही, म्हणजे घटनादुरुस्तीच हवी. त्याच वर्षी हाउसमध्ये मतदान झालं, साधं बहुमत मिळालं पण दोन-तृतीयांश नाही. आणि समजा झाली पास, तर सहा वर्षांत घरी जाणारा खासदार आणि तीस वर्षं तिथेच असलेला खात्याचा अधिकारी किंवा लॉबीवाला यात जोर कोणाचा राहील? आपल्याला काँग्रेस बळकट करायची आहे.

तसंच घटना परिषदेचं. ३४ राज्यांनी मागणी केली तर पाचव्या कलमाखाली परिषद भरते, पण तिथे जे ठरेल त्याला ३८ राज्यांची मंजुरी लागते, म्हणजे १३ राज्यं नको म्हणाली की विषय संपला. आजच्या फाटलेल्या राजकारणात मला ते दिसत नाही.

म्हणून निनादराव, तुम्ही विचारलंत कुठलं कामाचं, तर माझ्या यादीत रेन्सच्या बरोबरीने आणीबाणीच्या कायद्याची दुरुस्ती आहे आणि तिच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही. १९७६ च्या कायद्यात काँग्रेस साध्या ठरावाने अध्यक्षाने जाहीर केलेली आणीबाणी संपवू शकत होती. १९८३ मध्ये चढ्ढा निकालात सुप्रीम कोर्टाने असे ठराव घटनाबाह्य ठरवले, तेव्हापासून आणीबाणी मोडायची तर अध्यक्षाच्या व्हेटोवर (नकाराधिकारावर) मात करण्याइतकी दोन-तृतीयांश मतं लागतात. २०१९ मध्ये सीमेवरच्या भिंतीसाठी ट्रम्पनी आणीबाणी लावली तेव्हा सिनेटमध्ये १२ रिपब्लिकन विरोधात गेले, ठराव ५९ विरुद्ध ४१ ने पास झाला, व्हेटो आला आणि सगळं जिथल्या तिथे. तेव्हा युटाचे कॉन्झर्व्हेटिव्ह सिनेटर माइक ली यांनी बिल आणलं होतं की कुठलीही आणीबाणी ३० दिवसांत काँग्रेसने मंजूर केली नाही तर आपोआप संपेल. यात घटनादुरुस्ती लागत नाही, साधा कायदा पुरतो, आणि पुढचा अध्यक्ष डेमोक्रॅट आला तरी त्यालाही तो तितकाच लागू होतो. मेहुण्यांना यावर नक्की विचारा, काय म्हणतात ते इथे लिहा.